मोकळ्या जागेचं पत्र

दीपाली भालेराव पालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात कनिष्ठ अभियंता होती. बाई भारी शांत, असं तिथं सगळ्यांना वाटायचं. शांत कसली! चौदा वर्षं ती एका माणसावर डूख धरून होती.

त्या माणसाचं नाव सर्जेराव. खराडीपलीकडचं त्याचं गाव शहरात आलं, शेतांचे प्लॉट झाले, प्लॉटांवर टॉवर झाले आणि सर्जेराव नगरसेवक झाला. गावाच्या कडेला दीपालीची वस्ती होती आणि वस्तीत पत्र्याचं समाजमंदिर. दीपालीची आई मैनाबाई तिथं बावीस वर्षं बालवाडी चालवत होती. रविवारी बुद्धवंदना, एरवी पोरांचा कलकलाट. ‘सहा महिन्यांत दुमजली बांधून देतो’ असं सांगून सर्जेरावाने ते पाडलं. फळा आणि चटया बाहेर काढायचीसुद्धा सवड दिली नाही. सहा महिन्यांनी तिथं उभं राहिलं ते त्याचं संपर्क कार्यालय, आणि शेजारी चुलतभावाची जिम.

मैनाबाईने पाण्याच्या टाकीच्या सावलीत पोरं बसवली. दर सोमवारी ती सर्जेरावाच्या कार्यालयाबाहेर जाऊन बसायची. चहा मिळायचा, उत्तर मिळायचं नाही. अशी दोन वर्षं काढून ती खचली आणि गेली. दीपालीचा डिप्लोमा तेव्हा नुकताच संपला होता. नोकरी तिने मुद्दाम पालिकेतच धरली, आणि गेल्या वर्षी याच भागात बदलीही मागून घेतली.

यंदा मार्चमध्ये सर्जेराव स्वतःच्या पायांनी तिच्या टेबलाशी आला. त्याच जागेवर वडिलांच्या नावाने सांस्कृतिक भवन बांधायला त्याने दोन कोटींचा निधी मंजूर करून आणला होता. टेंडर झालं होतं, गाडं अडलं होतं ते जागेच्या कागदापाशी. एकतीस मार्चपर्यंत वर्क ऑर्डर निघाली नाही, तर निधी परत जाणार.

“मॅडम, निधी गेला तर गावात नाक कापलं जाईल माझं. काय लागतंय ते सांगा, मी हाय.” त्याने तिला ओळखलं नाही.

“जागा मोकळी असल्याचं आपलं पत्र लागेल,” दीपाली म्हणाली. “पूर्ण बारा गुंठे. त्यावर कुणाचं बांधकाम आढळलं तर ते काढायला आपली हरकत नाही, असं.”

“करा टाइप.”

भवन मागच्या पडीक भागात होईल, पुढचं आपलं कार्यालय तसंच राहील, असं त्याने गृहीत धरलं होतं. दीपालीने पत्र समोर ठेवलं. “आपण वाचून घ्यावं.”

“मार्चमध्ये वाचायला टाइम कुणाला हाय?”

“तरी वाचावं, अशी माझी विनंती आहे.” पुढेमागे फसवलं म्हणायला तिला जागा ठेवायची नव्हती. सर्जेरावाने फोनवर बोलता बोलता सही ठोकली. दिवसाला पन्नास पत्रांवर सह्या करणारा माणूस तो, एक्कावन्नावं कशाला वाचतोय!

अठ्ठावीस तारखेला वर्क ऑर्डर निघाली. एप्रिलमध्ये बांधकाम काढण्याची नोटीस त्याच्याच कार्यालयाच्या दारावर चिकटली. कार्यकर्त्यांनी त्या नोटिशीवरच साहेबांच्या वाढदिवसाचं पोस्टर लावलं. मुदत संपली तशी सकाळी दहाला जेसीबी आला.

सर्जेराव धावत पोचला तेव्हा जिम भुईसपाट झाली होती आणि कार्यालयाची अर्धी भिंत खाली आली होती. “कुणी सांगितलं तुम्हाला?” तो ओरडला. अतिक्रमण विभागाच्या माणसाने पत्राची प्रत पुढे केली. “साहेब, सही आपलीच आहे.”

दीपाली हेल्मेट घालून बाजूला उभी होती. उरलेली भिंत कोसळली तेव्हा तिच्या काळजाला असा थंडावा पोचला की तिचे डोळे भरून आले. याच क्षणासाठी ती जगली होती. ती पुढे झाली आणि म्हणाली, “मी मैनाबाईंची मुलगी.”

सर्जेराव बघतच राहिला. “कोण मैनाबाई?”

तो सोंग करत नव्हता. त्याला खरंच आठवत नव्हतं. “समाजमंदिरातल्या बालवाडीच्या,” ती म्हणाली.

“ताई, अशा किती शेड पाडल्या. कुठली कुठली ध्यानात ठेवायची?”

दीपालीचा तोल सुटला. तिने टाकीची सावली काढली, सोमवार काढले, चहा काढला, सगळं भर चौकात मोठ्याने सांगितलं. वस्ती जमली. मोबाइल वर झाले. सर्जेरावाने ते मोबाइल पाहिले, तोंडावरून रुमाल फिरवला आणि हात जोडले.

“चुकलं माझं. भवनाला वडिलांचं नाव नको. मैनाबाईंचंच नाव देऊ. आजच प्रस्ताव टाकतो.”

टाळ्यांचा कडकडाट झाला.

मे महिन्यात भूमिपूजन ठरलं. चौकात फ्लेक्स लागला: ‘मैनाबाई भालेराव सांस्कृतिक भवन. संकल्पना व विशेष प्रयत्न: सर्जेराव.’ कोपऱ्यात आईचा हातभर फोटो, मधोमध सर्जेराव कमरेपर्यंत. आईचा तो फोटो वस्तीतल्या शेजारीण आनंदीबाईंनी हौसेने दिला होता. दीपाली फ्लेक्स फाडायला म्हणून गेली, पण आईच्या फोटोवर हात टाकवेना.

“दीपे, रडतीस काय? आईचं नाव लागलं की गं!” म्हणत आनंदीबाईंनीच तिला मंडपात ओढून नेलं. सर्जेरावाने नारळ फोडला, आईच्या फोटोला हार घातला आणि दीपालीच्या हातात गुच्छ दिला. तो गुच्छ त्याच्या तोंडावर मारावा असं तिला फार वाटलं. खाली वस्तीतल्या सगळ्या बाया पदराने डोळे पुसत होत्या.

“मॅडम, जरा साहेबांकडे बघून हसा,” फोटोग्राफर म्हणाला.

दीपाली हसली.