अस्वलाच्या पोटातले लाटणे

मित्रांनो, मी एक जुने लाटणे आहे. माझी एक मूठ तुटलेली आहे. पूर्वी केकवाल्या ताई माझ्याखाली साखरेचे पापुद्रे लाटत आणि लोक म्हणत, "काय एकसारखं लाटता हो!" मग एकदा मी फरशीवर आपटले. नवे गुळगुळीत लाटणे आले आणि मी ड्रॉवरच्या तळाशी गेले. मला ते फारसे चुकीचेही वाटले नाही. अर्ध्या लाटण्याचा काय उपयोग?

एके दिवशी एक आजोबा आले. "नातीच्या वाढदिवसाला अस्वलाचा केक हवा. हसरं, नाचायला एका पायावर तयार असं!"

ताईंचा गुण म्हणा की खोड, त्या शब्द जसाच्या तसा घेतात. त्यांनी आपल्या सुतार दिराला बोलावले.

"भावोजी, अस्वल एका पायावर उभं करायचंय."

"वहिनी, खरी अस्वलंसुद्धा एवढा आगाऊपणा करत नाहीत!"

"गिऱ्हाईकानं सांगितलंय."

"मग पोटात दांडा हवा. स्वयंपाकघरातलाच, वार्निश न लावलेला."

ड्रॉवर उघडला आणि माझ्यावर उजेड पडला! भावोजींनी मला जाड फळीवर उभे करून खालून स्क्रू पिळला. ताईंनी मला घासूनपुसून चांदीचा कागद गुंडाळला. माझ्या कमरेला लाकडी चकती बसली. तिच्यावर केकचे थर माझ्यात ओवले गेले. चकतीखाली फक्त साखरेची कातडी, म्हणजे अस्वलाचा पाय मीच! डोके हलके हवे म्हणून ताईंनी कॉर्नफ्लेक्स चॉकलेटमध्ये मळले. सुरी फिरली, पोट आले, नाक आले आणि सगळे अस्वल डावीकडे कलले.

"वहिनी, धरा!"

"धरलंय! तुम्ही उजवा हात लांब करा त्याचा!"

हात लांबला, तोल आला. मला मात्र एक काळजी होती. माझ्यात बारीक चीर होती आणि ती कुणालाच ठाऊक नव्हती.

वाढदिवसाच्या घरी आजोबांनी झाकण उचलले. "अहो ताई, दुसरा पाय हवेत कसा?"

"तुम्हीच म्हणालात ना, एका पायावर..."

"एका पायावर *तयार* म्हणालो! म्हणजे हौशी हो!"

ताईंचा चेहरा पडला. आजोबांनी उचललेल्या पंजाखाली उपडा डबा सरकवायला घेतला. तेवढ्यात नात धावत आली आणि टेबलाला धडकली. अस्वल झुलले. माझी चीर करकरली. आता पडले तर पोरीच्या वाढदिवसाचा चिखल! मी दात नसताना दातओठ खाल्ले आणि उभे राहिले.

"आजोबा, डबा काढा! नाचतंय ते!" नातीने स्वतःचा एक पाय उचलला. "तुम्हीपण!"

आजोबांनी टेबल धरून पाय उचलला. टेबल पुन्हा हलले. "अहो, तुम्ही नका!" ताई ओरडल्या. सगळे खो खो हसले. मी तरीही उभेच!

मग केक कापला गेला. शेवटी फळीवर मी एकटेच उरले.

"अय्या, अस्वलाचं हाड!" नात म्हणाली. एवढ्या लोकांनी माझ्याकडे प्रथमच निरखून पाहिले. मी लाजून चूर झाले.

मित्रांनो, घरातले लाकडी लाटणे तासन्‌तास पाण्यात भिजत टाकू नका, लगेच धुवून कोरडे पुसा. आमच्या चिरा अशाच वाढतात. आणि मूठ तुटली तरी टाकून देण्याआधी आम्हाला एकदा उभे करून बघा. आम्ही एका पायावर तयार आहोत.