भिंगाखालचा कोळी

"पळाला, पळाला!" भिंगबाबा ओरडले आणि त्यांच्या दिवाणखान्यातली गर्दी टाचा उंचावून पुढे रेटली.

मधल्या खुर्चीवर सातवा महिना लागलेली सून बसली होती. तिच्या गळ्यावर लाल ठिपका उठला होता आणि त्यातून बारीक लाल पाय फुटले होते, थेट कोळ्यासारखे. बाबांनी काचेचं भिंग दाबलं की कोळी गायब. उचललं की पाय पसरत पुन्हा हजर.

"माणूस खाल्ल्याच्या पापाचा कोळी हा! धाकाने लपतोय लबाड, पण बिऱ्हाड हलवत नाही. हात दाखव."

तिने तळवे उघडले. लालबुंद!

"हे कुणाचं रक्त?"

सासूने हंबरडा फोडला. तिचा थोरला मुलगा नुकताच अपघातात गेला होता. "माझा लेक खाल्लास ना गं!"

सुनेच्या नवऱ्याने मान खाली घातली. तेवढंच त्याला जमत असे.

"उतारा एकच, डाग," बाबांनी फर्मावलं. "बाळंत होईपर्यंत दर आठवड्याला."

"गुण येतो हो," मागून एक बाई म्हणाली. "माझ्या मुलीला बाळ झालं आणि कोळी गेलेच!"

चौघींनी सुनेला धरलं. तापलेली सळई दंडावर चरचरली. ती किंचाळली, तेव्हा कुणीतरी समजावलं, "ती नाही, कोळी ओरडतोय."

बाबांची लेक पाणी घेऊन पुढे आली. तीही पोटुशी. पेला घेताना सुनेला तिचा लालबुंद तळवा दिसला. तिने मनगट पकडून तो हात सगळ्यांसमोर उलटा केला आणि तिच्या गळ्याभोवतीचा दुपट्टा ओढला. खाली दोन कोळी.

"हिनं कुणाला खाल्लं, बाबा?"

सासू कडाडली, "हिलाही डागा!" त्याच चौघी लेकीवर तुटून पडल्या. सासूने सळई उचलली. सुनेने अडवलं नाही. खरं सांगायचं तर, ती सळई टेकावी असंच तिला त्या घडीला वाटत होतं.

"बाबा!" लेकीने टाहो फोडला.

"सोडा तिला!" बाबांचा आवाज फाटला. "काही नसतं ते! दिवस राहिले की होतं, बाळंतपणानंतर आपसूक जातं!"

चौघींनी लेकीला सोडलं.

"मग मला का डागलंत?" सुनेने विचारलं.

बाबांनी भिंग मुठीत लपवलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी जखमेवर पट्टी बांधली. मग साधा काचेचा पेला सुनेच्या गळ्यावर दाबला. कोळी गेला. उचलला, आला.

"गरोदरपणात अंगातलं रक्त वाढतं, बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात. दाबलं की त्यातलं रक्त सरकतं, सोडलं की परत भरतं. तळवे लाल होतात, कुणाच्या पायाच्या शिरा फुगतात. बहुतेक बाळंतपणानंतर ओसरतं."

"आणि दंडावरचा डाग?" सासूने चाचरत विचारलं.

"तो तुम्ही दिलाय. तो राहील."

तुमच्या सुनेच्या अंगावर कुणी पापाची खूण दाखवली, तर त्याला एवढंच विचारा: तुझ्या लेकीच्या अंगावर हीच खूण असती तर सळई तापवली असतीस? उत्तरासाठी थांबू नका. तिला डॉक्टरकडे न्या.