कुंकू लावलेल्या खुर्च्या

“माणसं येतात, जातात, संस्था चिरंजीव असते,” असं गंभीर आवाजात म्हणत शिवनंजप्पांनी प्रिंटरला हळद-कुंकू लावलं. प्रिंटरनं लगेच लाल दिवा लावला. कागद अडकला होता.

“आयुधपूजेच्या दिवशी तरी नको रे,” ते त्याला म्हणाले. बोलायला मजल्यावर दुसरं कोणी नव्हतंच. रखवालदार कुमारय्या खाली दाराला केळीचे खुंट बांधत होता.

बेंगळूरच्या त्या कंपनीत शिवनंजप्पा प्रशासन अधिकारी. म्हणजे खुर्च्या, एसी, प्यायचं पाणी, ट्यूबलाइट ही सगळी त्यांची प्रजा. पूर्वी या प्रजेपायी फोन खाली ठेवायची सोय नव्हती. “सार, गारठलो,” असं एक टेबल म्हणायचं आणि त्याच मिनिटाला शेजारचं, “सार, उकडतंय.” मग सगळे घरून काम करायला लागले. कंपनीनं दोन मजले सोडले. उरलेल्या एका मजल्यावर आता कोणी गारठत नव्हतं, की कोणाला उकडत नव्हतं.

चेन्नईच्या मुख्य कचेरीतल्या सौंदरराजनसाहेबांनी सरळच विचारलं होतं, “हा तरी कशाला ठेवायचा?”

“पूजेला सगळे येतात, साहेब. बघाच तुम्ही.”

“मग फोटो पाठवा. माणसं दिसली तर मजला राहील.”

म्हणून चुरमुरे-डाळ्यांच्या पुड्या रांगेनं मांडल्या होत्या. प्रत्येक खुर्चीच्या पाठीला कुंकवाचं बोट लागलं होतं. फोडायचा कोहळा दाराशी वाट बघत बसला होता. ऊन चढलं तरी लिफ्ट काही वर येईना.

फोन वाजला. हिशेब विभागातली स्फूर्ती.

“सार, सणाच्या शुभेच्छा! मी येत नाहीये हं. पण माझी ऑफिसातली खुर्ची घरी मिळेल का? जेवणाच्या टेबलावर काम करून पाठीचा भुगा झालाय. नवऱ्याला पाठवते न्यायला.”

“ऑफिसची वस्तू बाहेर जात नाही, अम्मा. मी असताना टाचणी गेलेली नाही.”

“राहू दे मग, सार.”

शिवनंजप्पांनी कोहळ्याकडे पाहिलं. मग पुड्यांकडे. त्यांनी घसा खाकरला.

“स्वतः पूजेला आलीस, तर प्रसाद म्हणून नेता येईल.”

“प्रसाद? खुर्ची?”

“आणि चुरमुरे.”

दुपार होईतो लिफ्टला धाप लागली. स्फूर्तीनं ही बातमी ग्रुपवर टाकली होती. माणसं ठेवणीतले कपडे घालून, पोराबाळांना घेऊन आली.

“काय सार, बारीक झालात!”

“एसी अजून तस्साच हो! गारठलो.”

शिवनंजप्पा धावत जाऊन एसी कमी करून आले. मागून लगेच कोणीतरी म्हणालं, “उकडतंय, सार.”

त्यांनी तोंड फिरवून चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.

आरती झाली, कोहळा फुटला. कुमारय्यानं सगळ्यांना दाटीवाटीनं उभं करून फोटो काढला, आणि शिवनंजप्पांनी तो तिथल्या तिथं चेन्नईला धाडला.

मग खुर्च्या निघाल्या. कुंकू ल्यालेल्या, सासरी निघाल्यासारख्या, एकीमागून एक, मान डोलावत. कोणी डिकीत बसली, कोणी रिक्षात. शेवटच्या पाहुण्याला खुर्ची उरली नाही, तेव्हा शिवनंजप्पांनी आपली पुढे ढकलली.

“तुम्ही कशावर बसणार, सार?”

“मी बसतो कुठे? माझं फिरतीचं काम.”

लिफ्ट शेवटची खाली गेली. मजल्यावर उरले शिवनंजप्पा, प्रिंटर आणि चार पुड्या. त्यांनी एसी बंद केला. पाय बोलायला लागले, तसे कागदाच्या खोक्यावर टेकले आणि एक पुडी सोडली. तेवढ्यात सौंदरराजनसाहेबांचा निरोप आला.

‘वा! एवढी माणसं! मजला राहिला म्हणून समजा. फक्त वर दाखवायला आणखी एक फोटो हवा. सगळ्यांना जरा आपापल्या जागेवर बसवून काढा.’