मालकीणबाईंची परवानगी

गाडी माझ्या नावावर हाय. हे आधीच सांगून ठेवते, कारण आमच्या घरात ते कोणाच्या ध्यानातच राहत नाय. माझा पोरगा वाल्मीक म्हणला, "आईच्या नावावर घेतली की बरकत येती." मी नारळ फोडला, पेढे वाटले, आन् तिथंच माझी मालकी संपली. मग गाडी साऱ्या नाशकात फिरली. वाल्मीकच्या हापिसातल्यांनी नेली, शेजाऱ्यांनी पाहुणे आणायला नेली. मला कुठं जायचं म्हणलं की लगेच, "आई, ट्रॅफिक लय हाय." कधी बसलेच तर मागं, पिशव्यांच्या जोडीला. पुढची सीट जावयाची!

निफाडला माझी धाकटी बहीण भागीबाई असते. तिचे डोळे चाललेत. डॉक्टर म्हणला, आता सुधारायचे नाय. एके दिवशी फोनवर म्हणली, "सिंधे, तुझी गाडी दाव गं एकदा, दिसतंय तवर." तवापासनं वाल्मीकला रोज सांगायची. तो रोज म्हणायचा, पुढच्या रविवारी.

तशात वाल्मीकच्या दोस्तानं गाडी द्वारकेच्या चौकात टेम्पोला घासली. डाव्या अंगाला हा एवढा लांब ओरखडा. विम्याचे एजंट सहादूभाऊ घरी आले. वाल्मीकनं भीतभीत विचारलं, "दुसऱ्यानं चालवली म्हणून विमा बुडाला का हो?"

"नाय हो. विमा गाडीचा असतो," सहादूभाऊ चहा फुंकत म्हणले. "मालकाच्या परवानगीनं कोणीबी चालवू द्या. फक्त त्याचं लायसन चालू पाहिजे." मग माझ्याकडं वळले. "मालकीणबाई, तुमची परवानगी होती ना?"

अगं बाई! मालकीणबाई! मूठभर मांस चढलं माझ्या अंगावर. त्या गाडीबद्दल मला पहिल्यांदाच कोणी काय विचारत होतं. वाल्मीक त्यांच्या पाठीमागनं डोळ्यांनी विनवण्या करत होता. मी पदर सारखा केला.

"आठवून सांगते," मी म्हणले.

वाल्मीकचं तोंड एवढंसं झालं. स्वैपाकघरात सून निकिताला खोकला लागला. खोकला कसला, हसत होती पोरगी! मी वाल्मीकला आत घेऊन गेले. "येत्या रविवारी निफाड?" "हो आई, शप्पथ." मग बाहेर येऊन सांगितलं, "भाऊ, गाडी मीच पोराच्या हवाली केली होती. तो देईल त्याला माझी ना नव्हती. पण आता इथनं पुढं मला विचारायचं."

रविवार उजाडला. मी नवं लुगडं नेसले, भागीसाठी शेंगदाण्याचे लाडू डब्यात भरले, आन् दारात जावई हजर. धनराजराव. "मामी, पिंपळगावला मित्राच्या पोराचा साखरपुडा हाय. गाडी नेतो." वाल्मीक चावी देऊन मोकळा! वर मला म्हणतो, "दाजींना नाय कसं म्हणायचं? पुढच्या रविवारी जाऊ."

असा संताप झाला माझा! डोळ्यात पाणी आलं, पण ते मी कोणाला दिसू दिलं नाय.

"न्या की जावईबापू," मी साखरेसारख्या आवाजात म्हणले. "फक्त लायसन दावा."

"माझं? मामी, घरच्याघरी कसलं लायसन?"

"विमेवाल्यांनीच सांगितलंय हो. माझ्या हातात काय हाय?"

त्यांनी हसतहसत पाकिटातनं काढलं. मी ते निकिताला दिलं. "वाच गं, माझा चष्मा कुठं गेला काय माहीत." चष्मा कपाळावरच होता.

निकितानं वाचलं आन् हळूच म्हणली, "आत्या, मुदत संपलीय. गेल्या वर्षीच."

"अरे देवा!" मी गालाला हात लावला. "आता कसं करायचं?"

"मंग मी चालवतो," वाल्मीक म्हणला. "आधी दाजींना सोडतो..."

"तुला परवानगी नाय."

"आई!"

"निकिता, तुझं लायसन?"

माहेरी द्राक्षाच्या हंगामात बापाची पिकअप चालवायची ती. लग्न झाल्यापासनं वाल्मीकनं तिला चावी दिली नव्हती. तिनं पर्समधनं लायसन काढलं, चांगलं चालू मुदतीचं. किती दिवस घेऊन फिरत होती कोणास ठाऊक.

मी जावयाकडनं चावी घेऊन तिच्या हातात दिली आन् पुढं तिच्या शेजारी बसले. जावई आन् वाल्मीक मागं, गुडघे पोटाशी घेऊन. वाल्मीक सारखा "ब्रेक, ब्रेक" करायला लागला. मी मान न वळवता म्हणले, "मागच्यांनी बोलायचं नसतं. मी कधी बोलले का?" धनराजरावांना पिंपळगावला उतरवलं. "दार हळू लावा," तेवढं मात्र सांगितलं.

निफाडला भागी ओट्यावरच बसली होती. गाडीला नाक लावून बघायला लागली. "तांबडी हाय की गं! दिसली मला!" मग हात फिरवत फिरवत ओरखड्यावर थांबली. "आन् हे काय?"

"ते मला न विचारता झालेलं."

दोघी इतक्या हसलो की ठसका लागला. मी पुढचं दार उघडलं. "बस."

"अगं, ती तुझी जागा."

"माझीच हाय. म्हणून तर देतीय."

मी मागं बसले, वाल्मीकच्या शेजारी. निकितानं गाडी द्राक्षबागांच्या रस्त्यानं हळूहळू काढली. भागी काचेला डोळे लावून सांगत होती, "ऊस दिसतोय गं. हिरवं समदं दिसतंय. बाई डोक्यावर पाटी घेऊन चालली, ती बी दिसली."

वाल्मीक माझ्याकडं जरा सरकला. मग खालच्या आवाजात म्हणला, "आई, आपण तिन्हीसांजेला परत निघायचं का?"

"थांब रे," मी म्हणले. "भागीचं बघून होऊ दे."