मागच्या सीटवरची वाट

मिस्त्रींना दिशा कळायचीच नाही. अंडी उबवायच्या यंत्राचं पोट उघडलं की कुठली तार कुठे जाते ते डोळे मिटून सांगतील, पण चौकात उभं करून घर कुठे म्हणून विचारलं तर बोट हमखास भलतीकडे. तरी इतकी वर्षं दुरुस्तीचा धंदा चालला, कारण मोटारसायकलच्या मागच्या सीटवर त्यांची बायको असायची. तिला सगळे काकू म्हणत. मांडीवर सुट्या भागांचं खोकं असायचं, म्हणून काकू दोन्ही पाय डाव्या बाजूला टाकून बसायच्या. डाव्या हाताने खोकं धरायचं, उजव्या हाताने नवऱ्याला हाकायचं. वाऱ्यात बोललेलं ऐकू जात नाही, तेव्हा खांद्यावर थाप. डाव्या खांद्यावर थाप म्हणजे डावीकडे, उजव्या खांद्यावर म्हणजे उजवीकडे, आणि पाठीत बुक्का म्हणजे चुकलात, थांबा. बुक्के पुष्कळ बसायचे.

मग मिस्त्रींच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. समोरचं दिसे, पण बाजूचं दिसेनासं झालं. ऑपरेशनने उरलेली नजर राखली, गेलेली काही परत आली नाही. गाडी चालवणं कायमचं बंद, आणि जखम भरेपर्यंत मागेसुद्धा बसायचं नाही, धक्के बसतात, असं डॉक्टरांनी बजावलं. मिस्त्रींनी लगेच हातपाय गाळले. ओळखीच्या एका हार्डवेअरच्या दुकानात गल्ल्यामागे बसायचं काम होतं. त्यांनी परस्पर होकार देऊन टाकला आणि जेवताना मान खाली घालून सांगितलं, "येत्या सोमवारपासून जातोय. आपलं दुकान मिटवू."

"मला विचारलंत?"

"तुला विचारून तू काय करणार आहेस?"

काकू त्या रात्री काही बोलल्या नाहीत. त्या गप्प बसल्या की त्यांच्या मनात काहीतरी शिजतंय हे मिस्त्रींना एवढ्या वर्षांत कळायला हवं होतं. खरं तर काचबिंदूचं निदान झालं तेव्हापासूनच काकू पुतणीला गाठून शाळेमागच्या मैदानावर मोटारसायकल शिकत होत्या. पुतणी मोबाइलच्या दुकानात कामाला होती, आणि शिकवण्याच्या बाबतीत महाखाष्ट. क्लच सुटला की गाडी उडी मारायची, काकू ओरडायच्या, पुतणी हसायची. दोनदा आपटून, गुडघे फोडून घेऊन, शेवटी काकूंनी लायसन काढलंही होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते मिस्त्रींच्या ताटाशेजारी ठेवलं. मिस्त्रींनी ते डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं आणि म्हणाले, "फोटो बरा आलाय."

बस, एवढंच. गल्ल्यामागचं काम काही त्यांनी नाकारलं नाही.

सोमवार अजून उजाडायचा होता, तेवढ्यात हॅचरीच्या मालकीणबाईंचा फोन आला. मोठ्या यंत्रातला पंखा बंद पडला होता. वरचे ट्रे तापलेले, खालचे गारठलेले, आणि अंड्यांना आतून टोचे पडायला लागलेले. पिल्लं बाहेर पडायच्या बेतात होती. "आत्ताच्या आत्ता या, मिस्त्री. नाहीतर सगळी घाण उचलून टाकायची वेळ येईल."

मिस्त्री कसनुसे झाले. "बाई, माझं आता… तुम्ही दुसरं कुणी बघा."

काकूंनी फोन हातातून ओढून घेतला. "निघालोच आम्ही," म्हणाल्या आणि बंद केला.

"आम्ही म्हणजे कोण?"

"मी आणि मोटर."

पंख्याची मोटर फळीवर होतीच. काकूंनी ती खोक्यात घातली, खोकं मागच्या सीटला रबरी पट्ट्यांनी आवळलं, हत्यारांची पिशवी टाकीवर बांधली. टॅक्सीने जा, असं मिस्त्री म्हणत राहिले, पण तिकडच्या कच्च्या रस्त्यावर टॅक्सीवाले पाऊल टाकत नाहीत हे त्यांनाही ठाऊक होतं. पुतणीने हँडलला फोनची पकड लावून दिली होती आणि हेल्मेटमध्ये कानाशी छोटा स्पीकर बसवला होता. वर आकाशात उपग्रह आहेत, ते तुला बघतात आणि फोनमधली बाई वाट सांगते, असं तिने समजावलं होतं. गिऱ्हाइकांच्या जागा शोधायचीही गरज नव्हती. धंद्याच्या या फोनमध्ये मिस्त्रींनीच मोठ्या हौसेने त्या साठवून ठेवल्या होत्या. काकूंनी 'हॅचरी' वर बोट ठेवलं.

"सरळ जा," बाई म्हणाली.

तुम्ही म्हणाल, इतक्या वेळा गेलेली वाट काकूंना पाठ नव्हती का? तीच तर गंमत आहे. काकूंनी ती वाट कधी समोरून पाहिलीच नव्हती. समोर कायम मिस्त्रींची पाठ. त्यांना ठाऊक होती ती रस्त्याची डावी बाजू: फाटकं, कुंपणं, दुकानांच्या पायऱ्या. आता हँडल हातात घेऊन समोर पाहिलं तर सगळं शहर परकं. ट्रकच्या मागे धूर खात, आरशात बघत, गिअर आठवत जाताना बाजूला बघायची सोय कुठली? तेव्हा काकूंनी ठरवून टाकलं, आज आपलं डोकं चालवायचं नाही, बाई सांगेल तसं जायचं.

बाई शहाणी होती. न चिडता सांगायची, वळण हुकलं तरी बुक्का न मारता दुसरी वाट काढायची. काकूंना आपल्या स्वभावाची जराशी लाजच वाटली. मोठ्या पुलावर बाजूने बस गेली तेव्हा त्यांच्या पाचावर धारण बसली होती, पण हात घट्ट राहिले. शहर मागे पडलं. एका फाट्यावर उजवीकडे वळायला हवं असं त्यांना उगाच वाटलं, पण बाई म्हणाली सरळ, आणि काकू सरळ गेल्या.

थोड्या वेळाने रस्ता अरुंद झाला, मग खडीचा, मग नुसता मातीचा. एका पडक्या कौलांच्या कारखान्याच्या भिंतीशी तो संपला. पुढे कालवा. "तुम्ही पोहोचला आहात," बाई म्हणाली.

हॅचरी नव्हती. माणूसही नव्हता. एक बकरी होती, तीही पाठ फिरवून उभी.

काकूंनी मालकीणबाईंना फोन लावला. कुणी उचलला नाही. हात गुंतलेले असणार. नाव टाकून शोधलं तर फोनमधल्या बाईने भलत्याच गावची हॅचरी दाखवली. मनाचा हिय्या करून त्यांनी घरी लावला.

"अहो, इथे कौलांचा कारखाना आहे, पुढे कालवा. हॅचरी कुठेय?"

"कालवा ना? मग तिथून सरळच की!"

मिस्त्रींना जगातली प्रत्येक जागा सरळच वाटायची. काकूंनी हात टेकले. पण त्याच क्षणी त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मिस्त्री खिशातून फोन काढायचे कधी? वाट चुकल्यावर! पोचल्यावर ते सरळ यंत्रात शिरायचे, फोन कुठे पडलाय याचंही भान नसायचं. पहिल्यांदा हॅचरीला येताना ते इथेच भरकटले होते, इथेच फोन काढून आपण कुठे आहोत ते बघत बसले होते, आणि चुकून ही जागा जपून ठेवली होती हॅचरी म्हणून. म्हणजे सगळी गिऱ्हाइकं अशीच असणार. फोनभर नुसत्या हरवण्याच्या जागा! उपग्रह बिचारे बरोबरच होते. त्यांनी काकूंना अचूक तिथे आणून सोडलं होतं जिथे नवरा चुकला होता.

"तू परत ये," मिस्त्री म्हणाले. "मी सांगतो बाईंना, जमणार नाही म्हणून. एकटी कुठे फिरशील?"

"इथून त्या दिवशी आपण गेलो होतो ना हॅचरीला? मग मीपण जाईन. ठेवते."

म्हणायला म्हणाल्या, पण जायचं कुठून? वेळ जात होता आणि अंडी डोळ्यांपुढून हलत नव्हती. काकूंना रडू आलं, मग रडू आल्याचा राग आला. त्यांनी गाडी भिंतीशी स्टँडवर लावली, खोकं सोडलं, आणि त्या मागच्या सीटवर जाऊन बसल्या. नेहमीसारख्या, दोन्ही पाय डावीकडे, खोकं मांडीवर. उजवा हात पुढे केला. तिथे खांदा नव्हता, तरी हात तसाच धरला.

बकरी आता वळून बघू लागली.

डावीकडे भिंत. हो, भिंत होती, तिच्यावर काचांचे तुकडे रोवलेले. पण आत्ता ती पाठीमागे होती आणि तेव्हा डोळ्यांपुढून सरकली होती, म्हणजे आपण गाडी उलटी फिरवून निघालो होतो. मग भिंत संपली, तारेचं कुंपण, त्यावर वाळत घातलेली पोती. मग डोक्यावरून जाणारा जाड पाइप, पाणी ठिबकणारा. मानेवर थेंब पडला होता. तिथे त्यांचा उजवा हात आपोआप हवेत हलला: डाव्या खांद्यावर थाप. मग खोकं डाव्या हाताकडे दाबलं जात होतं, बराच वेळ, म्हणजे चढ. चढावर ताज्या चिरलेल्या लाकडाचा वास. वास संपता संपता पुन्हा थाप, उजवी. आणि मग पिल्लांचा कलकलाट.

काकूंनी एकवार सगळं हातानेच म्हणून पाहिलं, खोकं परत आवळलं आणि गाडी फिरवली. फोनमधली बाई "मागे वळा, मागे वळा" म्हणून जीव काढत होती. "तू बस आता जरा गप्प," काकू म्हणाल्या आणि आवाज बंद केला.

भिंत. कुंपण. पोती आज नव्हती, पण पाइप होता, आणि अजून ठिबकत होता. डावीकडे. चढावर गाडी गुरगुरली, काकूंनी गिअर खाली टाकला. लाकडाची वखार आली. उजवीकडे.

मालकीणबाई यंत्राची दारं उघडून पुठ्ठ्याने वारा घालत होत्या. केस कपाळाला चिकटलेले. काकूंच्या मागे कुणी नाही हे पाहून त्यांचा चेहरा पडला. "एकट्याच आलात?"

"वीज बंद करा आणि शिडी द्या," काकू म्हणाल्या.

जुनी मोटर उतरवली, नवी बसवली. हे त्यांनी आजवर फक्त हत्यारं देता देता पाहिलं होतं, पण पाहिलं होतं डोळ्यांत तेल घालून. तारा जोडल्या, बटण दाबलं, पंखा फिरला. काकूंनी कागदाची पट्टी धरून पाहिली. पट्टी उलटी उडत होती. वारा उलट्या दिशेने चालला होता. मालकीणबाईंनी कपाळाला हात लावला. काकूंनी निमूट वीज बंद करायला सांगितली, दोन तारांची अदलाबदल केली, आणि पुन्हा पट्टी धरली. या वेळी ती हवी तशी ताणली गेली.

मग दोघी बायका तापमानाचे काटे बघत उभ्या राहिल्या. वरच्या ट्रेचा उतरत आला, खालच्याचा चढत आला. आतून टकटक ऐकू येत होती. काही अंडी गेली असतील, पण बहुतेक जिवंत होती. मालकीणबाईंनी काकूंचा ग्रीस लागलेला हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

बाहेर येऊन काकूंनी घरी फोन लावला. पहिल्या रिंगलाच उचलला गेला.

"चालला का?"

"चालला. वारा आधी उलटा आला होता, मग तारा बदलल्या."

पलीकडे मिस्त्रींनी मोठा श्वास सोडला. मग म्हणाले, "हार्डवेअरवाल्याला कळवून टाकलं. सोमवारी येत नाही म्हटलं."

काकूंना बरं वाटलं, आणि किंचित रागही आला. "हो का? पंखा फिरला म्हणून?"

"पंख्याचं मला आत्ता कळतंय," मिस्त्री म्हणाले. "त्याला मघाशीच सांगितलं. तू वाट चुकली होतीस, आणि मी परत ये म्हणालो तरी फोन ठेवलास, तेव्हा."

काकूंनी फोन कानाशी तसाच धरून ठेवला.