भर जानेवारीत रापलेला गळा

मित्रांनो, मला बघून नाक मुरडू नका. मी जुना झालोय, कपाळावर चरा पडलाय, रूपाच्या नावानं तर बोंबच आहे. पण मी वेल्डिंगचा मुखवटा आहे. माझी काळी काच डोळ्यांसमोर धरल्याशिवाय त्या ठिणगीकडे कोणी बघून तर दाखवा!

कारागंडा शहरातल्या एका कारखान्यात जाड पुठ्ठा दाबून मला घडवलं. वीस वर्षं मी तुलेगेन उस्तादांच्या डोक्यावर होतो. ते तंत्रशाळेत वेल्डिंग शिकवायचे. निवृत्त होताना त्यांनी मला वर्गातल्या एकुलत्या एका मुलीच्या, नाझिमच्या हाती दिलं. "घे पोरी," ते म्हणाले, "तुझ्याइतका सरळ जोड आता मलाही जमत नाही." मी तर आनंदानं फुगलोच!

शिक्षण संपायच्या आधीच नाझिमला तीन कारखान्यांतून बोलावणं आलं. ती पाइप जोडायच्या कामाला लागली. सगळे तिची वाहवा करायचे. माझ्यात एकच खोट, मी हनुवटीपर्यंतच पुरतो. उकडलं की ती कोटाचं वरचं बटण उघडायची आणि झळीनं तिचा गळा त्रिकोणी रापायचा. मी ओरडून सांगणार तरी कसा?

मग तिचं मेइरबेकशी जमलं. त्याची आई, उलजान आपा, नाझिमच्या कानांत डूल घालायला येणार होत्या. डूल घातले की लग्न पक्कं. बाहेर उणे तीस, पण नाझिमचे वडील ओराझ सकाळपासून घामाघूम. त्यांनी मला उचललं आणि भिंतीलगतच्या गोधड्यांच्या ढिगात कोंबलं.

"पप्पा, हे काय?"

"तू ऑफिसात असतेस असं सांगितलंय मी आपांना. आजचा दिवस गप्प बस, माझी आई!"

"आणि उद्यापासून?"

"सोडून दे ते काम. कोणती सासू वेल्डर सून करून घेईल?"

नाझिम वळून चहाच्या वाट्या मांडायला लागली. गोधडीत असूनही मला कापरं भरलं. ती हो म्हणाली असती तर आमचं दोघांचं संपलंच होतं की!

पाहुणे आले, मेइरबेकही आला. दुधाचा चहा झाला, मांसाचं मोठं ताट फिरलं, थट्टामस्करी झाली. मी फटीतून बघत होतो. आपा डूल घेऊन उठल्या, त्यांनी नाझिमच्या डोक्यागळ्याभोवतीचा रुमाल बाजूला केला आणि त्या थबकल्या.

"ओराझभाऊ, मुलगी कुठे कामाला आहे म्हणालात?"

"ऑ... ऑफिसात."

"भर जानेवारीत कोणत्या ऑफिसात एवढं ऊन पडतं हो?"

ओराझना जोराचा ठसका लागला. नाझिम मात्र ताठ उभी राहिली. "मी वेल्डर आहे, आपा. मला ते काम आवडतं, मी सोडणार नाही. डूल परत न्यायचे तर न्या."

आपांनी आपला गळपट्टा खाली ओढला. त्यांच्याही गळ्यावर तसाच त्रिकोण होता, जुना, सुरकुतलेला.

"बावीस वर्षं पूल जोडलेत मी! तुला सोड म्हणतंय कोण? फक्त बटण लावत जा, बटण!"

असं म्हणून त्यांनी दोन्ही कानांत डूल घातलेसुद्धा. ओराझ एकदम हसायला आणि रडायला लागले.

"तुझा मुखवटा कुठाय गं?" आपांनी विचारलं. नाझिमनं मला ढिगातून ओढून काढलं. आपांनी स्वतःच्या डोक्यावरच्या रेशमी रुमालावरच मला चढवलं. "अगं, ही काच किती दिवस बदलली नाहीस?" मग त्या आपल्या मुलाकडे वळल्या. "मेइरबेक, पदवी कवटाळून दोन वर्षं घरी बसलायस. सोमवारी तंत्रशाळेत नाव घाल."

"घालतो की!" तो म्हणाला. "पण चुकलो तर ही मला रागावणार."

"रागावणारच!" नाझिम म्हणाली.

मित्रांनो, माझी काच मऊ कापडानं पुसा, तडा गेला तर लगेच बदला. आणि तुमच्या घरात कोणी हाताचं काम करत असेल, तर ते लपवू नका. ओराझ आता बाजारात अनोळखी माणसाची बाही धरून सांगतात, "माझी मुलगी वेल्डर आहे बरं का!" त्या बिचाऱ्यानं काही विचारलेलंही नसतं.