भिंगाला घातलेले तेल

मी कॅमेऱ्याचे एक जुने भिंग आहे, आणि मित्रांनो, आरंभीच एक विनंती करते: माझी कीव करण्याची घाई करू नका. मी कधी आपटले नाही. चोरीला गेले नाही. कोणी मला अडगळीत भिरकावले नाही. मला जपण्यात आले. त्या जपण्याचीच ही कथा आहे, आणि ती सांगताना माझी वाणी कडू झाली तर तो दोष माझ्या काचेचा समजू नका.

माझा जन्म एका शांत, लांबलचक कारखान्यात झाला. तेथे मोठ्या खिडक्यांपाशी बसून माणसे काचेच्या चकत्या ओल्या भुकटीवर तासन्‌तास घाशीत. माझ्या देहात एकीत एक फिरणाऱ्या धातूच्या दोन नळ्या आहेत आणि त्यांवर बारीक आटे कोरलेले आहेत. पांढरा अंगरखा घातलेल्या एका स्त्रीने त्या आट्यांना मलमासारखे दाट वंगण बोटाच्या टोकाने लावले आणि उरलेले लगेच पुसून घेतले.

"एवढंच?" शेजारणीने विचारले.

"एवढंच. हे जागेवर राहायला हवं. पातळ असलं की पळतं आणि काचेवर जाऊन बसतं."

माझ्या कानी पडलेले ते पहिले मानवी संभाषण. ते मला पुढे कोणाला सांगता आले असते, तर ही कथा सांगण्याची वेळच आली नसती.

माझी जात थोडी वेगळी आहे. माझे भाऊबंद डोंगर पाहतात, मिरवणुका पाहतात, नवरानवरीच्या जोडीकडे पाहतात. मी बोटभर अंतरावरचे पाहते. मुंगीच्या मिशा, पानावरची लव, परागाचा कण. माझ्यात आपोआप चालणारे काही नाही. कडी हाताने फिरवावी लागते, आतल्या पोलादी पाकळ्यांचा झरोका हाताने मिटावा लागतो. कडी फिरवीत गेले की माझी मान लांब होते, आणि जितके जवळ जावे तितका प्रकाश कमी पडतो. शिवाय वस्तूचा केसाएवढाच भाग स्पष्ट दिसतो. त्याच्या पुढचे आणि मागचे सारे धूसर. घाई करणाऱ्याला मी काहीही दाखवीत नाही.

ज्या बाईंच्या हाती मी पडले, त्यांना घाई ठाऊकच नव्हती. त्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवीत आणि सुटीच्या दिवशी गवताची फुले शोधीत. गवताला फूल येते, हेच पुष्कळांना माहीत नसते. गुडघे मातीत टेकवून बाई बसत, विणकामाची एक सुई जमिनीत रोवून तिला गवताची काडी दोऱ्याने बांधीत, म्हणजे वाऱ्याने ती हलू नये. मग माझी कडी एका जागी ठेवून, श्वास रोखून, स्वतःच तिळातिळाने पुढेमागे होत. वाटेने जाणारे हसत. एकदा एका गुराख्याने विचारलेही, "बाई, काही हरवलंय का?"

"हरवलं नाही हो, सापडलंय," बाई न उठता म्हणाल्या.

घरी आल्यावर त्या माझी सेवा करीत, आणि ती सेवा शास्त्राला धरून असे. प्रथम रबरी फुग्याच्या वाऱ्याने धूळ उडवायची, मग मऊ कुंचला, आणि कापड अगदीच निरुपाय झाला तर. तोंडाची वाफ माझ्यावर त्यांनी कधी सोडली नाही. कोवळ्या उन्हाच्या वेळी माझे झाकण काढून मला खिडकीत ठेवीत आणि कडी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवीत. अंधार आणि ओल मिळाली की भिंगात बुरशी घर करते, हे त्या विद्यार्थ्यांना बजावीत. विद्यार्थी मला हातात घेताना बांगडीच्या दुकानात शिरल्यासारखे सावध होत. ते माझे वैभवाचे दिवस होते.

बाईंचे यजमान छापखान्यात यंत्र चालवीत. काळ्या नखांचा, मोठ्या आवाजाचा, मनाने अतिशय उमदा माणूस. गवताच्या फुलांचे पुस्तक करायचे आणि ते यजमानांनी स्वतः छापायचे, असे दोघांचे लग्नापासूनचे ठरलेले होते. त्यासाठी त्यांनी उत्तम कागदाचे गठ्ठे बांधून माळ्यावर ठेवले होते.

"तुझ्या पुस्तकाला गिऱ्हाईक म्हणून फक्त म्हशी येणार," ते चिडवीत.

"येऊ द्या. निदान त्या मन लावून चघळतील तरी," बाई म्हणत.

बाई सेवानिवृत्त झाल्या, तेव्हा पुस्तकाचे एकच पान उरले होते. पाणीपुरवठ्याच्या टाक्यांमागे एक मातीचा बांध होता, त्यावर एक ठेंगणे जांभळट गवत उगवे. त्याची फुले वर्षातून मोजक्याच सकाळी उमलत आणि ऊन चढताच मिटत. तेच गवत बाईंनी विद्यार्थिदशेत सर्वप्रथम पाहिले होते, म्हणून त्यांनी ते शेवटच्या पानासाठी राखून ठेवले होते. ते पान पुरे झाल्यावाचून पुस्तक छापायचे नाही, असा त्यांचा हट्ट होता.

परंतु तोवर बाईंच्या बोटांची पेरे सुजू लागली होती आणि माझेही वंगण वाळून घट्ट झाले होते. कडी फिरविताना त्या ओठ दाबून धरीत. हे यजमानांनी पाहिले. छापखान्यात त्यांच्या प्रत्येक दिवसाचा आरंभ यंत्रांना तेल पाजण्याने होत असे. कुरकुरणारे यंत्र म्हणजे भुकेलेले यंत्र, एवढे एकच वैद्यक त्यांना ठाऊक होते. एके दुपारी बाई बाजारात गेल्या असता त्यांनी लांब चोचीची तेलाची झारी आणली आणि माझ्या नळ्यांच्या फटीत ती चोच टेकवली. तेल पातळ होते, आणि घालणारा हात उदार होता.

लोक एखादी वस्तू डोळ्यांत तेल घालून जपतात म्हणे. माझ्या डोळ्यात ते खरोखरच गेले.

"जरा कडी फिरव बघू," बाई येताच ते म्हणाले.

बाईंनी फिरवली. कडी लोण्यातून फिरावी तशी फिरली. "अहो! काय केलंत तरी काय?"

"ते आमच्या छापखान्याचं गुपित आहे. बोटं दुखली?"

"नाही हो. अजिबात नाही." आणि बाई इतक्या आनंदल्या की त्यांनी अधिक विचारले नाही.

दोन दिवसांनी बांधावर फुले उमलली. बाई गुडघे टेकून बसल्या, सुई रोवली, श्वास रोखला. मी माझ्या परीने पाहिले. पण माझ्या आत तेल पसरत होते. ते माझ्या पोलादी पाकळ्यांवर उतरले, तेथून काचेवर चढले. मला ते फूल दुधात बुडाल्यासारखे दिसले. छायाचित्रे धुऊन आली तेव्हा बाईंनी ती टेबलावर मांडली आणि बराच वेळ पाहिली. मग मला खिडकीशी धरून आत डोकावल्या. पाकळ्या ओल्या चकाकत होत्या. त्यांनी मला नाकाशी नेले. यजमानांच्या सदऱ्याला रोज जो वास येई, तोच वास. तेवढ्यात बाहेर चपलांचा आवाज झाला आणि बाईंनी चटकन माझे झाकण लावले.

"आले का फोटो? शेवटचं पान झालं म्हणायचं!"

"नाही हो. सगळे हलले."

"हलले? असे कसे हलले?"

"माझीच नजर राहिली नाही आता. फुलाच्या कडाच दिसत नाहीत मला."

यजमानांनी खुर्ची ओढून घेतली. त्यांनी विचारले, "आणि भिंग?"

"भिंग उत्तम आहे," बाई म्हणाल्या.

मित्रांनो, त्या एका वाक्याने माझी जन्मठेप ठरली. भिंगे उघडून स्वच्छ करणारा कारागीर त्या गावात एकच होता, आणि तो यजमानांचा बुद्धिबळातला जोडीदार. मला त्याच्याकडे नेणे म्हणजे घरात सांगणेच. दुसरे भिंग आणावे, तर नजर गेली असे सांगून बसलेल्या. बाईंनी मला मखमलीत गुंडाळून पेटीत ठेवले. इतकी वर्षे मातीत गुडघे झिजविलेल्या त्या बाईंनी बांधावर जाणेच सोडले. तुम्ही याला प्रेम म्हणाल. असेलही. मी पेटीत होते, मला त्यातले काही दिसले नाही.

यजमानांनी माझ्यासाठी काचेचे कपाट केले. पाहुणे आले की ते मला बाहेर काढीत आणि कडी फिरवून दाखवीत. "बघा, कसं फिरतंय! बायकोची नजर गेली, पण भिंगाची चाल मी जाऊ दिली नाही." पाहुणे माना डोलवीत. बाईही हसत, आणि पुन्हा हसण्याची पाळी येऊ नये म्हणून चहा करायला उठत. कोणीही माझ्यातून पाहिले नाही. माझे कौतुक केवळ फिरण्यासाठी होत राहिले, एखाद्या दाराच्या कडीसारखे. बंद कपाटात, तेलाच्या थरावर, हळूहळू बुरशीचे तंतू पसरले. पानांवरची बुरशी मी आयुष्यभर पाहिली होती. ती मला पाहील असे वाटले नव्हते.

यजमान प्रत्येक वर्षी विचारीत, "शेवटचं पान सोडून छापूया का गं?" बाई म्हणत, "अपुरं नको." माळ्यावरचा कागद पिवळा पडत गेला.

आणि मग बाईंची नजर खरोखरच जाऊ लागली. आधी अक्षरे गेली, मग चेहरे. नेत्रवैद्यांनी विचारले की हे केव्हापासून आहे, तेव्हा यजमानांनीच उत्तर दिले, "पुष्कळ वर्षं झाली, डॉक्टर. हिचे गवताचे फोटो हलायला लागले ना, तेव्हापासून." ही हकिगत ते माझ्या कपाटापुढे उभे राहून पाहुण्यांना सांगत. डॉक्टर म्हणाले होते, फार उशिरा आणलंत. बाई शेजारीच बसलेल्या असत. त्यांनी एकदाही ती तारीख दुरुस्त केली नाही.

अशात बाईंची भाची आली. बांधावर सिमेंट घालणार आहेत ही बातमी तिने आणली होती. "मावशी, यंदा शेवटचंच फुलणार ते गवत. मी काढते फोटो. तुझं भिंग दे. माझ्या फोनला ते फूल नुसता जांभळा डाग दिसतंय." तिने एक जोडकडी लावून मला आपल्या नव्या कॅमेऱ्यावर चढविले, डोळा लावला आणि चटकन मान मागे घेतली.

"यात तेल उतरलंय! कोणी घातलं?"

"जुनं झालं की आतलं वंगण सुटतंच गं," बाई म्हणाल्या.

"वंगणाला असा वास नसतो, मावशी. हे तर मशीनचं..."

ती थांबली. यजमान दारात उभे होते. त्यांनी मला तिच्या हातून घेतले आणि नाकाशी धरले. ज्या माणसाचा सारा जन्म त्या वासात गेला, त्याला दुसऱ्यांदा हुंगावे लागले नाही. खिडकीत ती लांब चोचीची झारी अजून होतीच.

"फोटो हललेच होते ना गं तेव्हा?" त्यांनी विचारले.

"हललेच होते," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला भाचीच्या पिशवीत घातले. "परगावचा कारागीर बघ. आणि हिच्यापाशी बोलू नकोस." मला उघडण्यात आले, पाकळ्या धुतल्या गेल्या, आट्यांना बोटाच्या टोकाने दाट वंगण लागले. एका काचेवर बुरशीची पुसट जाळी मात्र कायमची राहिली. मी परतले, तेव्हा बांध करडा आणि गुळगुळीत झाला होता. यजमान मला घेऊन तेथवर गेले, उभे राहिले आणि परत आले.

घरी त्यांनी मला बाईंच्या हातात ठेवले. बाईंनी सुजलेल्या बोटांनी झाकण काढले, माझ्या काचेवर बोट न लावता तिच्या कडेने एक फेरी मारली, आणि मग कडी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली. ती पुसट जाळी सोडली तर माझ्यातून सारे स्वच्छ दिसत होते. बाईंना ते पाहता येत नव्हते. तरी मशीनच्या तेलाचा वास गेला आहे, हे त्यांना कळले असणारच.

"किती हलकं फिरतंय हो," त्या म्हणाल्या. "तुम्ही तेल घातलं होतंत ना, म्हणून."

यजमानांनी झाकण उचलून माझ्यावर लावले. "हो," ते म्हणाले. "म्हणूनच."

मित्रांनो, तुमच्या घरी एखादे जुने भिंग असेल, तर त्याला हवा द्या, ऊन दाखवा, त्याची कडी फिरवा आणि त्यातून पाहा. त्याला कपाटात पूजू नका. ते कुरकुरले तर तेल घालण्यापूर्वी जाणत्याला विचारा. आणि तुमच्या मायेच्या माणसाने न विचारता घातलेच, तर त्याला त्याच दिवशी सांगा. त्याला वाईट वाटेल, वाटू द्या. मला धुऊन स्वच्छ करायला परगावच्या त्या कारागिराला एक दुपार पुरली.